पुणे ते गोवा सायकल राईड, मुलींच्या शाळेच्या सायकलींसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी गणपती उठले की आम्हाला मेसेज यायला लागतात, यंदा आहे का राईड, मला जमेल का, पैसे कसे जमवायचे, कुठली सायकल घेऊ. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहितोय. जरा लांबलचक झालंय पण नाव द्यायच्या आधी पैशांचा भाग तरी पूर्ण वाचाच, बाकीचं नंतर सावकाश वाचलं तरी चालेल.

ही रेस आहे का?

नाही. पुणे ते गोवा रेसही होते, डेक्कन क्लिफहँगर नावाची, सहाशेच्या वर किलोमीटर न थांबता मारायचे असतात आणि ती करणाऱ्यांबद्दल आम्हाला प्रचंड आदर आहे, पण आपलं काम वेगळंय. आपण कोकणातून समुद्राच्या कडेकडेने सहा-सात दिवसांत सावकाश जातो, रात्री मुक्काम करतो, सगळे एकत्र पोचतो. कोण पहिला आला हे कोणी विचारत नाही.

पैसे नक्की कशासाठी जमवतो?

आठवीच्या पुढच्या मुलींना सायकली घेऊन देण्यासाठी. बऱ्याच वाड्या-पाड्यांवर शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असते, पुढची शाळा चार, पाच, कधी सात किलोमीटर लांब. एसटी असते पण शाळेच्या वेळेला नसते. मुलगा असला तर कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून जातो, मुलगी असली की घरचे म्हणतात एवढ्या लांब एकटी कशी पाठवायची, आणि पावसाळा संपेपर्यंत तिचं नाव नुसतं पटावर उरतं. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून ठरावीक तालुक्यांत मुलींना सायकली मिळतात आणि ती खरंच चांगली योजना आहे, पण सगळे तालुके त्यात नाहीत. आपण जे करतो ते त्या उरलेल्या गावांसाठी.

साधी लेडीज सायकल, कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप धरून साधारण पाच ते सात हजारांत बसते. त्याच्यावर आपण दर सायकलीमागे हजारभर रुपये दुरुस्तीसाठी बाजूला काढतो आणि हे लोकांना समजावून सांगायला लागतं. ट्यूब गेली, ब्रेकची केबल तुटली की जवळचं दुकान तालुक्याच्या गावी असतं, घरात त्या दिवशी शंभर रुपये नसतात, मग सायकल पडवीत भिंतीला टेकून बसते ती बसतेच. म्हणून प्रत्येक शाळेत एक पायपंप, पंक्चरचं सामान आणि दोन-तीन मुलींना पंक्चर काढायला शिकवणं हे त्याच पैशांत येतं. मागचं चाक सोडवून, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधणाऱ्या मुलींचा उत्साह बघितला की कळतं हा खर्च किती योग्य आहे ते.

मुली कोण निवडतं?

शाळेचे मुख्याध्यापक आणि ज्या संस्थेत आपण हे पैसे जमा करतो तिचे लोक मिळून. घरापासून अंतर किती आणि घरची परिस्थिती काय, एवढं दोनच बघतात. आपण कोणाची शिफारस करत नाही, देणगीदारानेही करू नये.

मी माझ्या जीपेवर सगळ्यांकडून पैसे घेतले आणि एकदम संस्थेला दिले तर चालेल का?

कृपया नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, तरी उत्तर नाही असंच आहे. ज्याने पैसे दिले त्याच्याच नावाची पावती निघायला पाहिजे. पैसे तुमच्या खात्यातून गेले तर संस्थेच्या लेखी देणगीदार तुम्ही एकटे, बाकी पंचवीस जणांचा कुठेच पत्ता नाही. शिवाय तुमच्या खात्यात महिनाभर लोकांचे पाचशे-हजार येत राहिले तर उद्या हिशोब कोणाला आणि कसा दाखवणार? आणि दुसऱ्यासाठी सार्वजनिक वर्गणी गोळा करण्याला आपल्याकडे कायदा आहे, गणेशोत्सव मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१-क ची परवानगी काढतात ती उगाच नाही. आपली संस्था नोंदणीकृत ट्रस्ट आहे, तिच्या खात्याचा क्यूआर कोड तुम्हाला मिळतो, तोच पुढे पाठवा. शेऱ्यात तुमचं नाव लिहायला सांगा म्हणजे कोणाच्या ओळखीतून किती आले ते कळतं.

कोणी हट्टाने रोख दिलीच तर पावतीपुस्तक घेऊन जा, जागेवर पावती फाडा, दोन दिवसांच्या आत भरणा करा.

८०जी मिळते का?

मिळते, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळते, संस्थेकडे ८०जीची नोंदणी आहे. पण तीन गोष्टी देणगीदाराला आधीच सांगा म्हणजे नंतर कोणी नाराज होत नाही. एक, दोन हजारांच्या वरची देणगी रोख दिली तर सवलत मिळत नाही, यूपीआय, चेक किंवा बँक ट्रान्सफर करा. दोन, पॅन नंबर द्यावा लागतो, संस्थेला तो आयकर खात्याकडे कळवायचा असतो. तीन, ज्यांनी नवीन कररचना घेतली आहे त्यांना ही वजावट मिळतच नाही, आणि आता नोकरदारांपैकी बरेच जण नवीन रचनेतच असतात. तेव्हा टॅक्स वाचतो म्हणून द्या असं सांगत फिरू नका, मुलगी शाळेत जाते म्हणून द्या असं सांगा, लोक देतात.

माझा मामा न्यू जर्सीत आहे, त्याला द्यायचेत.

मामाचा पासपोर्ट कुठला हे आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवणार असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पासपोर्टची कॉपी मात्र संस्थेला द्या. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. आपल्या संस्थेकडे ती नोंदणी नाही. मामाने मधला मार्ग म्हणून तुमच्या आईच्या खात्यात पैसे टाकून तिच्या नावाने देणगी द्यायची, असलं काही करू नका. तो गावी आला की शाळेत जाऊन मुलींना दोन तास इंग्रजी बोलायला शिकवेल, त्याची आम्हाला जास्त गरज आहे.

राईडचा खर्च देणगीतून होतो का?

एक रुपयासुद्धा नाही. राहणं, जेवण, बॅकअप टेम्पोचं डिझेल, ड्रायव्हरचा पगार, खाडी ओलांडायच्या तरीचं (फेरीबोटीचं) भाडं, परतीचं तिकीट, जर्सी, सगळं आपण सायकल चालवणारे आपापल्या खिशातून भरतो. ज्याने पाचशे रुपये दिलेत त्याने ते सायकलीला दिलेत, माझ्या सुरमई थाळीला नाही. काही जण म्हणतात अहो थोडा खर्च धरायला काय हरकत आहे, मोठ्या संस्थाही धरतात. त्यांचं बरोबर असेल, पण आपण आपल्या हौसेने जातोय आणि हौसेचे पैसे स्वतःचेच असावेत.

कोणाला खर्च परवडत नसेल तर मोकळेपणाने सांगा, आमच्यातलेच काही जण दरवर्षी एकदोघांचा खर्च उचलतात. तो हिशोब वेगळा राहतो.

किती जमवायचे? मला मागायला फार संकोच वाटतो.

कमीत कमी एका मुलीची सायकल, म्हणजे दुरुस्तीचे धरून सहा ते आठ हजार. त्याच्या पुढे तुमची धाव.

संकोच सगळ्यांनाच वाटतो. फॅमिली ग्रुपवर एक मोठा मेसेज टाकला की पन्नास अंगठे येतात आणि पैसे दोघांचे येतात, हे सगळीकडे सारखंच. एकेकाला फोन करा. काकांना सांगा की मी अमुक तारखेला पुण्याहून निघतोय, साधारण पाचशे किलोमीटर आहेत, किलोमीटरला एक रुपया द्याल का? पाचशे रुपये हा आकडा कोणाला जड जात नाही आणि किलोमीटरचा हिशोब लक्षात राहतो. ऑफिसमध्ये विचारा, बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने जमवले तेवढेच स्वतः घालतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं मागून घ्या. आणि दिलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी आभाराचा फोन, मेसेज नाही, फोन. नाही म्हणाला त्याचा राग धरायचा नाही.

मी साधा माणूस आहे, वय ४७, आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस किलोमीटर चालवतो. जमेल?

जमेल, हातात तीन महिने असतील तर. आधी डॉक्टरांना भेटा, चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने बीपी, शुगर, ईसीजी करून या, हा नियम आहे आणि त्यात सूट नाही.

मग दर आठवड्याला अंतर थोडं थोडं वाढवा, दहा टक्क्यांच्या आसपास. एकदम पंचवीसवरून ऐंशीवर उडी मारली की गुडघा बोलतो. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा हलका घ्या. पुण्यातल्यांनी रविवारी सिंहगड, बोपदेव, जुना कात्रज, पानशेतचा रस्ता हे आलटून पालटून करा, मुंबईकरांना येऊर आणि आरे आहे, कोल्हापूरकरांना जोतिबा, पन्हाळा. नुसत्या सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटर मारून कोकणात येऊ नका, का ते खाली लिहिलंय.

शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार लागोपाठ सत्तर-ऐंशी किलोमीटर दोनदा तरी झाले पाहिजेत. एका दिवशी शंभर मारणं वेगळं आणि आदल्या दिवशीचे पाय घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला परत सीटवर बसणं वेगळं, राईडमध्ये लागतं ते दुसरं. ज्यांना अजून पक्की खात्री हवी आहे त्यांनी एखादी २०० किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड करावी, साडेतेरा तास मिळतात, ती झाली तर आपली राईड नक्की होते. पण ती सक्तीची नाही.

सायकल कुठली?

आहे ती, गिअरची असेल तर. हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली, सगळ्यात सोयीची. रोड बाईक चालते पण टायर निदान २८ मिमी रुंदीचे टाका, ३२ असतील तर उत्तम, कोकणातले आतले रस्ते तुटके असतात. एमटीबी (डोंगरी सायकल) असेल तर जाड खाचांचे टायर काढून गुळगुळीत टायर घाला, निम्मी मेहनत वाचते. मागचा सगळ्यात मोठा गिअर कितीचा आहे ते बघा, ३२ किंवा ३४ दात असतील तर चढावर जीव वाचतो.

निघायच्या आधी सर्व्हिसिंग करून घ्या आणि ब्रेकपॅड नवे टाका. दोन जादा ट्यूब, पंक्चर किट, हातपंप, टायर काढायच्या पट्ट्या, अॅलन की, चेनची एक जादा कडी प्रत्येकाकडे पाहिजेच. आणि एक अगदी बारीक वस्तू, तुमच्या ट्यूबला बारीक लांब तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व असेल तर त्याचा छोटा पितळी अडॅप्टर, वीस-तीस रुपयांना मिळतो. पेट्रोल पंपावरचं किंवा पंक्चरवाल्याचं हवेचं नळकांडं प्रेस्टावर बसत नाही, अडॅप्टर फिरवून लावला की मोटरसायकलच्या व्हॉल्वसारखं बसतं. तो व्हॉल्वच्या टोपणाखालीच लावून ठेवा, पिशवीत ठेवला तर सापडत नाही.

रस्ता कसा आहे?

पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट उतरून माणगाव. तिथून म्हसळ्यावरून बागमांडल्याला येतो, तरीने खाडी ओलांडून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली, दाभोळ. दाभोळ-धोपावे तर, गुहागर, पुढे तवसाळ-जयगड तर, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस. मग जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, तेरेखोल, म्हणजे गोवा सुरू, तिथे शेवटची तर आणि पलीकडे केरी.

नकाशावर समुद्राच्या कडेचा रस्ता सपाट दिसतो आणि सगळे नवे लोक इथेच फसतात. कोकणात दर थोड्या अंतराने खाडी येते. खाडीच्या तोंडाशी गाव, वर सडा, म्हणजे उघडं पठार. म्हणजे गावातून निघालात की दोन-तीन किलोमीटर उभा चढ, मग जांभ्या दगडाचा उघडा सडा, तिथे सावलीला झाड नाही, मग तीव्र वळणांचा उतार, परत खाडी, परत चढ. दिवसभर हेच. एकही घाट ताम्हिणीएवढा लांब नाही पण संध्याकाळी चढाईची बेरीज बघितली की डोळे पांढरे होतात. म्हणून आपण दिवसाला सत्तर ते नव्वद किलोमीटरच ठेवतो, सपाटीवर दीडशे मारणाऱ्यालाही ते पुरतात.

उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडायचे, सतत धरून ठेवायचे नाहीत, रिम तापते. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. आणि तरीच्या धक्क्यावर सायकलवरून उतरून चालत जायचं, ओहोटीला तो उतरता काँक्रीटचा भाग शेवाळाने हिरवा झालेला असतो आणि सायकलचे बूट त्याच्यावर अजिबात टिकत नाहीत.

मुंबई-गोवा हायवेने लवकर होईल ना, असं विचारतात. होईल, पण ट्रक आणि लक्झरी बसच्या बाजूने सायकल चालवण्यात सुरक्षितपणाही नाही आणि सुखही नाही. जिथे ओलांडायला लागतो तेवढाच तो घेतो.

कधी निघतो?

दिवाळीनंतर, डिसेंबरपर्यंत. पावसाळ्यात अजिबात नाही, ताम्हिणीत दिसत नाही आणि खाडीला उधाण असलं की फेरीबोटी बंद ठेवतात. रोज सकाळी सहाला सुरुवात, अकरापर्यंत दोन तृतीयांश अंतर संपवायचं, दुपारी मोठी विश्रांती. अंधार पडल्यावर कोणीही सायकल चालवायची नाही, दिवे असले तरी.

बसायची जागा दुखते हो!

पहिले दोन आठवडे दुखणारच, पण त्यानंतरही दुखत असेल तर सीट चुकीची किंवा उंची चुकीची. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्याच्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे पायाच्या पुढच्या भागाने चालवताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. सीट फार खाली असली की गुडघ्याच्या पुढे दुखतं, फार वर असली की मागे दुखतं. जाड मऊ जेलचं कव्हर घेऊ नका, लांब पल्ल्याला ते जास्त घासतं. पॅडची शॉर्ट घ्या, आतून काहीही घालायचं नाही, शिवणीच घासून जखम करतात. दोन शॉर्ट आणा, रोज संध्याकाळी धुवा, कोकणात हवेत दमटपणा असल्यामुळे रात्रीत वाळत नाही म्हणून दोन. लाली दिसली तर त्याच दिवशी सांगा, लाजू नका.

खायचं काय?

भूक लागायच्या आधी खायचं. दर पाऊण-एक तासाला काहीतरी तोंडात गेलं पाहिजे: केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, गूळपोळी. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे एक मोठं केळं आणि दोन-तीन खजूर. सकाळी पोहे, उपमा, घावणे चालतील, झणझणीत मिसळ मुक्कामाला पोचल्यावर.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. कोकणात घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि त्याच्याबरोबर मीठ जातं. फक्त साधं पाणी ढोसत राहिलात तर डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस अजून पाणी पितो. एका बाटलीत ओआरएस, एका बाटलीत साधं पाणी. वाटेत कोकम सरबत मीठ घालून मागा, त्यासारखं दुसरं काही नाही.

बायका असतात का? राहायची सोय कशी आहे?

असतात, आणि संख्या वाढतेय. मुक्काम घरगुती होमस्टेमध्ये असतो, खोल्या वेगळ्या. स्वच्छतागृह असलेले थांबे आम्ही आधी जाऊन बघून ठरवतो आणि त्यांची यादी आदल्या रात्री देतो. टेम्पोत सॅनिटरी पॅड, वेदनाशामक गोळ्या, जादा कपड्यांची पिशवी असतेच. कोणत्याही दिवशी बरं वाटत नसेल तर टेम्पोत बसा, कारण सांगायची गरज नाही.

हेल्मेट?

नाही तर सायकल नाही.

मला मध्येच सोडावी लागली तर लोकांना काय सांगू? त्यांनी तर पूर्ण राईडसाठी पैसे दिलेत.

जे झालं ते सांगा. गुडघा धरला, ताप आला, देवगडला थांबलो. लोकांनी पैसे मुलीच्या सायकलीला दिलेत, तुमच्या गुडघ्यावर पैज लावलेली नाही, आणि सायकल तर येणारच आहे. देणगीसाठी दुखरा पाय रेटत राहणं हे कोणत्याही मुलीला नकोय. याच विचाराने आम्ही देणगी आधीच संस्थेत जमा करायला सांगतो, राईड पूर्ण झाल्यावर नाही.

१९८५ मध्ये बाबा आमट्यांच्या भारत जोडो अभियानात कन्याकुमारीहून काश्मीरला तरुण मुलंमुली सायकलवर निघाली, आणि पाठीच्या आजारामुळे बाबा स्वतः गाडीतून गेले. त्यांच्या तिथे असण्याला त्यामुळे काही कमीपणा आला नाही.

सायकलवाटपाचे फोटो मिळतील ना? देणगीदार मागतात.

सायकलींचे मिळतील, पावत्या मिळतील, शाळेचं पत्र मिळेल. मुलीला सायकलजवळ उभं करून तिच्या गळ्यात देणगीदाराच्या नावाची पाटी, असला फोटो मिळणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीला आपली गरिबी पाहुण्यांच्या फोनमध्ये साठवून ठेवायची नसते. मार्च संपला की पूर्ण हिशोब, किती आले, किती सायकली, कुठली शाळा, दुरुस्तीला किती उरले, प्रत्येक देणगीदाराला जातो. वर्षभराने शाळा कळवते की किती सायकली चालू आहेत आणि किती मुली अजून येतायत, तोही आकडा जसा असेल तसा पाठवतो, कमी आला तरी.

परत कसं यायचं?

थिवी किंवा मडगावहून ट्रेन. सायकल पार्सल ऑफिसला आदल्या दिवशी बुक करा, पेडल काढा, हँडल वळवून बांधा, डिरेल्युअरच्या (गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बाजूला पुठ्ठा लावा, आणि नाव-फोन लिहिलेलं लेबल दोन ठिकाणी चिकटवा. ज्यांना हा व्याप नको त्यांच्या सायकली टेम्पोतून पुण्याला येतात, त्याचे वेगळे पैसे आहेत, जागा मात्र दहाच सायकलींची, त्यामुळे नाव देतानाच सांगून ठेवा.